पित्ताशयातला खडा आणि मिठाची किमया

छातीत जळजळले, आंबट पाणी घशाशी आले की आपण म्हणतो, 'पित्त झाले'. ती करणी बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. खरे पित्त यकृतात तयार होते; हिरवट-पिवळे आणि कडू.

त्यातला मुख्य ऐवज म्हणजे पित्तक्षार. यकृत ते कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. साबणासारखेच तेही तेल आणि पाणी यांची गाठ घालून देतात, पण घडण निराळी. साबणाच्या रेणूला पाण्यात रमणारे डोके आणि तेलात शिरणारी शेपटी असते. पित्तक्षाराचा रेणू ताठ, चपटा, जणू फरशीचा तुकडा: एका बाजूला पाणी मानवते, दुसरीला नाही. पाण्यात अशा रेणूंची दाटी झाली की ते पाणी न मानवणाऱ्या बाजू एकमेकांना भिडवून पुंजके करतात. साबणाच्या पुंजक्यात पन्नासहून जास्त रेणू असतात. इथे साध्या पाण्यात अनेकदा दहासुद्धा नसतात.

त्यात मीठ घातले की चित्र पालटते. पित्तक्षारांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातला धनभारित सोडियम हे लोटणे सौम्य करतो. मग पुंजके लवकर जमतात, मोठेही होतात. युरिया मिसळला तर उलटे. जमलेली मोट सैल पडते.

पित्ताशयात हेच घडते. तिथे पाणी शोषले जाऊन पित्त 5 ते 10 पट घट्ट होते. एरवी इतक्या घट्ट द्रावणाने आसपासच्या पेशींतले पाणी खेचून घेतले असते. तसे होत नाही, कारण पाणी खेचण्याच्या हिशेबात अख्खा पुंजका एकच कण धरला जातो!

या पुंजक्यांत लेसिथिनही सामील होते आणि पाण्यात न विरघळणारे कोलेस्टेरॉल त्यांत बसून प्रवास करते. 1968 मध्ये अमेरिकेत अ‍ॅडमिरँड आणि स्मॉल यांनी या तिघांचे प्रमाण त्रिकोणी आलेखावर मांडले. कोलेस्टेरॉल मर्यादेबाहेर गेले की त्याचे स्फटिक होतात, स्फटिकांचे खडे. झटपट वजन उतरवणाऱ्यांना हा धोका विशेष: चरबीतले कोलेस्टेरॉल पित्तात उतरते आणि जेवणाअभावी पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही.

खडे विरघळवण्याचे औषध, अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, हाही पित्तक्षारांच्याच कुळातला. पण तो लहान, कॅल्शियम न साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालतो, तोही महिनोन्‌महिने घेतल्यावर. औषध थांबल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात.