सोपा ट्रेक आणि वाटाड्याचा शब्द

गेले काही आठवडे आपण प्रमाणांचा विचार करतोय. प्रत्यक्ष झालं, अनुमान झालं, आज शब्दप्रमाणाची पाळी. नेहमी हा विषय वेदप्रामाण्यापासून सुरू होतो आणि तासभर तिथेच अडकून पडतो. आज आपण तो हिमालयातल्या एका ट्रेकच्या वाटेनं घेऊ. त्याला कारणही आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी, त्यात नुकतेच निवृत्त झालेले जास्त, विचारलंय की हिमालयात पहिल्यांदाच जायचं आहे, दयारा बुग्याळ सोपं आहे म्हणतात, खरंच सोपं आहे का? आम्ही बारा जण वयाची साठी-सत्तरी सांभाळत तिथे जाऊन आलोय, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देणं भाग आहे.

आधी जागा कुठे ते सांगतो. उत्तराखंडात उत्तरकाशीहून गंगोत्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भटवाडी लागतं. तिथून डावीकडे वर चढलं की रैथल हे गाव. ते साधारण २,२०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा पाचशे मीटर वर आपण गाडीतूनच उतरतो. इथून जंगलातून दोन दिवस हळूहळू चढायचं, गोई नावाच्या मोकळ्या जागी मुक्काम करायचा, पुढे आणखी एक मुक्काम, मग एका पहाटे निघून बुग्याळाच्या माथ्यापर्यंत, सुमारे ३,६०० मीटरपर्यंत जायचं आणि बार्सू गावाकडे उतरायचं. मुक्काम थोडे इकडेतिकडे होतात. देहरादूनपासून देहरादूनपर्यंत सहा दिवस धरा. दोर नाही, कडा नाही, बर्फाच्या दिवसांत गेला नाहीत तर बर्फावरची चालही नाही. रोजची चाल चार-पाच तासांची. सामान खेचरांवर, स्वयंपाकाला माणसं, पुढे वाटाड्या आणि मागे त्याचा साथीदार.

म्हणजे सोपं झालं ना? तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही मुलांना सांगायचो, विशेषण बघा आणि विचारा, हा गुण वस्तूत आहे की संबंधात? ‘काळा’ वस्तूत आहे. ‘उंच’ हा संबंध आहे, कुणापेक्षा तरी उंच. ‘सोपा’ तर दुहेरी संबंध आहे, कुणाला सोपा आणि कुणामुळे सोपा. जाहिरातीत हे दोन्ही प्रश्न गळून जातात.

‘कुणाला’ हे आधी बघू. सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाची चाल वेगाची असते. रात्री निघायचं, पहाटे माथ्यावर, दुपारी खाली मिसळ. ही सवय हिमालयात उपयोगी नाही, उलट नडते. कारण तिथली अडचण पायांची नसते, हवेची असते. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो त्याच्या साधारण ६५ टक्के दाब ३,५०० मीटरवर उरतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो सुमारे एक तृतीयांश कमी येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, श्वास वाढवतं, हळूहळू रक्तातही बदल करतं, पण त्याला दिवस लागतात. आणि तुम्ही रोज दहा किलोमीटर पळता म्हणून ते दिवस कमी होत नाहीत. हे लोकांना पटत नाही. तंदुरुस्त तरुणाला त्रास होतो आणि शेजारची आजी मजेत असते, असं सर्रास घडतं.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ती गोष्ट आमच्या आवडीची आहे. १६४८ साली फ्रान्समधल्या प्यूय द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन एक गृहस्थ चढले. वर पारा खाली उतरलेला दिसला. प्रयोगाची आखणी होती पास्कलची, तत्त्वज्ञ आणि गणिती. पण पास्कल स्वतः डोंगरावर गेलाच नाही. चढले ते त्याचे मेहुणे पेरिए. म्हणजे प्रयोगनिष्ठ विज्ञानातली ही मोठी घटना पास्कलला कळली ती शब्दप्रमाणानं, मेहुण्याच्या पत्रातून. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

उंचीचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, झोप न लागणं. नियम सोपे आहेत. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही. लक्षणं वाढली तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतं आणि ते काही तासांत जिवावर बेततं. गोळ्या असतात, पण त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.

आता जंगल. रैथलच्या वरची वाट बांजच्या, म्हणजे ओकच्या जंगलातून जाते. वर जाल तशी झाडं बदलतात. खाली बांज, मग मोरू, त्याच्यावर खरसू, ही सगळी ओकचीच भावंडं. मध्येच बुरांश, जो मार्च-एप्रिलमध्ये लालभडक फुलतो. बांजच्या जंगलाखालची जमीन मऊ, काळी, ओलसर असते. पालापाचोळा कुजतो, पाणी मुरतं, झरे टिकतात. गढवालातल्या बायाबापड्यांना हे वनखात्याच्या आधीपासून ठाऊक आहे. खालच्या उतारांवर मात्र चीडची, म्हणजे पाइनची जंगलं आहेत. तिच्या सुया, तिकडे ‘पिरूळ’ म्हणतात, उन्हाळ्यात वाळून पसरतात आणि ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर पेटतो.

इथे आम्हाला हसू आलं त्याचं कारण सांगतो. न्यायशास्त्रात अनुमानाचं हजारो वर्षांचं ठरलेलं उदाहरण कोणतं? पर्वतावर धूर दिसतो, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. आम्ही तीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं. पर्वत खडूचा, धूरही खडूचाच. रैथलच्या गच्चीवरून सकाळी समोरच्या डोंगरावरून पांढरं काही वर चढताना दिसलं, तेव्हा आमच्यातले एक जण म्हणाले, ‘‘आग लागलीय!’’ वाटाड्या म्हणाला, ‘‘नहीं अंकलजी, कोहरा है.’’ धुकं. दरीतून ऊन चढलं की ते उठतं. धुक्याला धूर समजून अग्नीचं अनुमान करणं, हा हेत्वाभासही पुस्तकात अगदी असाच दिलेला आहे. धूर निळसर असतो, एका जागेवरून निघतो आणि वाऱ्यानं वाकतो. धुकं दरीभर एकदम उठतं. हा फरक आम्हाला फळ्यानं शिकवला नव्हता.

आणि आता मूळ मुद्दा. दुसऱ्या मुक्कामी आमच्यातल्या एका सद्गृहस्थांचं डोकं दुखायला लागलं. पन्नाशीचे, गटात सगळ्यात तयारीचे, सह्याद्रीतले पन्नासेक किल्ले पायांखाली घातलेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, हा सज्जनपणा. वाटाड्यानं पाहिलं की यांनी ताटातला डाळभात तसाच ठेवला, एरवी गप्पा मारणारा माणूस आज तंबूकडे तोंड करून बसलाय, आणि बुटाची नाडी बांधताना दोनदा थांबला. तीन खुणांवरून त्यानं अनुमान केलं. मग जवळ बसून विचारलं, ‘‘सर में दर्द है क्या?’’ उत्तर आलं, ‘‘नाही, नाही, मस्त.’’

वाटाड्याची अडचण पाहा. दुसऱ्याचं दुखणं त्याला प्रत्यक्ष कळू शकत नाही, कुणालाच कळत नाही. वेदना ज्याची त्यालाच प्रत्यक्ष. इतरांना दोनच वाटा, खुणांवरून अनुमान किंवा त्याचा शब्द. बोटाला लावायचं यंत्र असतं, रक्तातला प्राणवायू दाखवतं. ते जवळ असावं. पण त्या उंचीवर ९० च्या आसपासचा, कधी त्याहून थोडा कमी आकडाही निरोगी माणसाचा असू शकतो, बोटं गार पडली की यंत्र चुकतं, आणि आकडा चांगला असूनही डोकं फुटायची वेळ आलेली असू शकते. आकड्याशी वाद घालत बसलेली माणसं आम्ही तिथे पाहिली. यंत्र दुखत नाही, माणूस दुखतो. तेव्हा शेवटी शब्दच उरतो.

आमच्या वाटाड्यानं त्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. रात्री दोनदा उठून तंबूत डोकावला. पहाटे त्या गृहस्थांना उलटी झाली. त्यानं चर्चा केली नाही. साथीदाराबरोबर त्यांना लगेच खाली धाडलं. दुपारी रैथलमध्ये ते पोटभर जेवत होते, असा निरोप संध्याकाळी आला. उंची फारशी नव्हती म्हणून हे इतक्यावर निभावलं.

आता शास्त्राकडे. वैशेषिक आणि बौद्ध शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, ते त्याला अनुमानात घालतात. नैयायिक मानतात, पण अट घालतात. शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे, ती जशीच्या तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगतो, की ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. त्या काळात हे लिहिणं लहान गोष्ट नव्हे. आप्तपणा कुळावर नाही, पदवीवर नाही, जाणण्यावर आणि खरेपणावर आहे. शाळा अर्ध्यात सोडलेला तो तिशीतला गढवाली मुलगा डोंगराच्या बाबतीत आमचा आप्त होता. तो ‘परत फिरा’ म्हणाला की डॉक्टरेटवाल्यानं परत फिरायचं.

पण व्याख्या दुसऱ्या बाजूनंही लागू होते, हे आमच्या फार उशिरा लक्षात येतं. तुमच्या डोक्याच्या बाबतीत तुम्हीच एकटे आप्त आहात. तुम्ही जाणता, आणि सांगण्याची इच्छा ठेवली नाहीत तर वाटाड्याकडे दुसरं काहीही नाही. पास्कलच्या मेहुण्यानं, त्याला वाईट वाटेल म्हणून पाऱ्याचा आकडा गोड करून कळवला असता तर? आपल्याकडे दुखणं लपवणं हा सोशिकपणा समजला जातो, बायकांच्या बाबतीत तर जास्तच. डोंगरावर तो खोटा शब्द आहे.

‘कुणामुळे सोपा’ हा दुसरा प्रश्न. ट्रेक ठरवताना तुम्ही दर आणि जेवण विचारता. हे विचारा: वाटाडा स्थानिक आहे का, प्रथमोपचार शिकलाय का, प्राणवायूची नळकांडी बरोबर आहे का, एखादा आजारी पडला तर त्याला घेऊन उतरायला वेगळा माणूस आहे का, हमालांचा विमा आहे का. आणि मुक्काम कुठे आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. आली-बेदनी बुग्याळाच्या रक्षणासाठी गावकऱ्यांच्या समितीनं याचिका केली होती. म्हणून तंबू खाली जंगलाच्या मोकळ्या जागांत लागतात. कुणी ‘थेट कुरणावर तंबू’ म्हणून भुलवत असेल तर तिथे जाऊ नका.

न्यायालयाला मध्ये का पडावं लागलं, ते कुरणावर उभं राहिल्यावर कळतं. वृक्षरेषेच्या वर उन्हाळा इतका थोडा आणि थंड असतो की झाडाला लाकूड धरता येत नाही. गवत आणि फुलझाडं तेवढी टिकतात, तीही वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली झोपून. दयारा सुमारे २८ चौरस किलोमीटर आहे म्हणतात, समोर बंदरपूंछ, श्रीकांठ, द्रौपदी का डांडा. पण त्या हिरवळीखाली मातीचा थर पातळ आहे. शंभर माणसं आणि खेचरं एकाच ओल्या उतारावरून गेली की गवताचं कातडं फाटतं, पावसाचं पाणी तिथून धावतं आणि वर्षा-दोन वर्षांत घळ होते. वनखात्यानं दयाराच्या अशा जखमांवर काथ्याच्या जाळ्या आणि पिरूळ घातलाय. जो पिरूळ खाली आग लावतो, तो वर माती धरतो. रैथलचे लोक भाद्रपद संक्रांतीला, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, या कुरणावर जमतात आणि एकमेकांना लोणी-ताक फासतात, अंढुडी म्हणतात त्याला. गुरांनी उन्हाळाभर इथे चरून जे दूध दिलं त्याबद्दलची ती कृतज्ञता. बुग्याळ त्यांच्यासाठी दृश्य नाही, दुभतं आहे. आपण तिथे मळलेल्या एकाच वाटेनं चालायचं, फोटोसाठी पसरायचं नाही.

प्रश्नांपैकी दोन घेतो, वेळ संपत आलाय. कोणत्या महिन्यात जावं? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मे किंवा ऑक्टोबर. बुरांश हवा असेल तर एप्रिल, पण वर बर्फ असेल. पावसाळ्यात फुलं सर्वांत सुंदर, तरीही नको. दरडी कोसळतात, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर पुढे असलेल्या धरालीत काय घडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. चढताना दम लागतो, गुडघे दुखतात ते उतरताना, बार्सूच्या बाजूला. दोन काठ्या घ्या, एक नव्हे. निघण्याआधी तीन महिने जिन्याचा सराव करा, चढण्याचा आणि उतरण्याचा दोन्ही. आणि बूट निदान महिनाभर वापरून मऊ केलेले असू द्या.