काचेतला समुद्र आणि रोजकीर्द

बँकेत सारी नोकरी काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. कुठे काही बिघडले, की तो आधी वही मागतो. गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात महापेहून भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, आणखी एक गेला.’’ आवाज इतका पडलेला, की माझ्या काळजात धस्स झाले. गेला होता तो प्रवाळ. जिवात जीव आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, ‘‘वही ठेवली आहेस का?’’

वही नव्हती. म्हणून पुढच्या शनिवारी एक दोनशे पानी वही पिशवीत टाकून मी ठाण्याहून निघालो.

भाचा महापेच्या औद्योगिक वसाहतीत संगणकाच्या कामावर आहे आणि जवळच, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. त्याच्या दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात सुमारे ३०० लिटर खारे पाणी, दोन नारिंगी-पांढरे मासे आणि दगडी प्रवाळांच्या आठ वसाहती होत्या. त्यांतली पहिली माझ्या पैशांनी आलेली. वास्तुशांतीला काय देऊ, असे विचारल्यावर त्याने लाजत हेच मागितले होते. म्हणजे या प्रकरणात मी नुसता तपासनीस नव्हतो, जामीनदारही होतो.

प्रवाळ दिसतो दगड, पण असतो प्राणी. बारीक बारीक असंख्य जीव दाटीवाटीने राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचे घर बांधत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे भाडे म्हणून मालकाला देते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच.

प्रवाळ पांढरा पडला, की आपण ‘मेला’ म्हणून मोकळे होतो. पण मी भिंग घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की पांढरे पडण्याचे प्रकार दोन. पहिल्यात भाडेकरू निघून जातो, मालक मात्र घरातच असतो. त्याचे पारदर्शक अंग नीट पाहिले तर दिसते. परिस्थिती लवकर सुधारली तर हा प्रवाळ वाचू शकतो. दुसऱ्यात मालकाची कातडीच सोलवटून जाते, बरेचदा बुडापासून वर, आणि उरतो उघडा सांगाडा. गेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. भाच्याकडे सहा वसाहती गेल्या होत्या, दोन पहिल्या तऱ्हेने आणि चार दुसऱ्या. रोग एक नव्हता, दोन होते.

पहिला लगेच सापडला. टाकीचे पाणी सकाळी २६ अंश, संध्याकाळी ३१. नवराबायको दोघे कामावर, घर बंद आणि वर मे महिना. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी भाडेकरू घर सोडतो. टाकीवर एक लहान पंखा लावला. वाऱ्याने पाणी उडते आणि थंड होते. मात्र उडते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. भाचा ती स्वयंपाकघरातल्या फिल्टरची घालत होता. त्या यंत्रात चवीसाठी थोडे नळाचे पाणी परत मिसळण्याची सोय होती! आपल्याला जे रुचकर, ते प्रवाळाला बाधक ठरू शकते. तेही बदलले.

तरी सोलवटणे थांबेना. मग रोजकीर्द सुरू झाली. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००, क्षार हजारी ३५. सारे समुद्राच्या जवळपास. राहिली अल्कलिनिटी. आम्ल पचवण्याची पाण्याची जी ताकद, ती ही. घर बांधायला लागणारे कार्बोनेट प्रवाळ याच खात्यातून रोज उचलतो. समुद्रात ती सातच्या आसपास असते. आमच्या वहीत शनिवारी रात्री साडेसहा आणि रविवारी दुपारी दहा!

‘‘हे काय रे?’’

‘‘मामा, रविवारी वेळ मिळतो. आठवड्याचा डोस एकदमच घालतो.’’

रोज काढायचे आणि रविवारी एकदम भरायचे. सरासरी पाहिली तर खाते चोख. आमच्याकडे मार्चअखेरीला अशी चोख खाती पुष्कळ दिसत. भाच्याने मोबाइलमधले जुने फोटो काढले, तारखा जुळवल्या. सोलवटायला लागलेले चारही प्रवाळ सोमवार-मंगळवारचे. प्रवाळ थोड्या उणेपणाने सहसा मरत नाही, तो हेलकाव्याने मरतो. आता रोज सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे औषध जाते. आकडा आठवर स्थिर आहे. उरलेले दोन जगले.

इथे लेख संपवता आला असता. पण वहीत पहिली नोंद करायची म्हणून मी खरेदीचे बिल मागितले. त्यावर ‘सजावटीचे साहित्य’ एवढेच होते. परतल्यावर चौकशी केली आणि मान खाली गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात दगडी प्रवाळ २००१पासून आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मालकीहक्काचे कागद पाहिल्याशिवाय मी कधी कुणाचे कर्ज मंजूर केले नाही. इथे मात्र लाडक्या भाच्यासाठी डोळे झाकून पैसे मोजले.

याच कायद्यापायी २०२०मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती वनखात्याची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून हलवाव्या लागल्या. त्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत, हेच अनेक मुंबईकरांना तेव्हा प्रथम कळले. चिवट जातीचे ते जीव गाळात, सांडपाण्यात तग धरून होते. आमचे मात्र आरशासारख्या पाण्यात, महागड्या दिव्याखाली गेले. मालवणला सागरी अभयारण्य १९८७पासून आहे. प्रवाळ पाहायचा तर तो तिथे, हात न लावता. आता तर समुद्राचेही हेलकावे वाढले आहेत. २०२४मध्ये जगभरचे प्रवाळ पांढरे पडत होते, आपल्या लक्षद्वीपचेही. अशा वेळी उरलेल्यातला एक तुकडा माझ्या हौसेने तोडला गेला असेल, हा विचार झोप लागू देत नाही.

‘‘दोन उरलेत, ते समुद्रात सोडू या?’’ भाच्याने विचारले. तेही बरोबर नाही. टाकीतले रोग, परके जीव त्यांच्याबरोबर समुद्रात जायचे. अखेर आम्ही वनखात्याला अर्ज लिहिला. घडले ते सगळे त्यात आहे. पहिली वसाहत माझ्या पैशांनी आली, हे वाक्य मी माझ्या हाताने लिहून खाली सही केली. सूनबाई घाबरली होती. मी तिला म्हटले, चूक आपणहून खात्यावर दाखवली, की निदान हिशेब तरी सुरू होतो.

भाचा अजून रोज वही भरतो. खरेदीच्या रकान्यावर मात्र त्याने लाल शाईने आडवी रेघ मारली आहे.