कापराचं पार्सल आणि डेंजरस गुड्स चार्ज: ऑर्डर घ्यायच्या आधी हा हिशोब करा



परवा गारगोटीच्या एका ताईंचा फोन आला. घरून अत्तर आणि रूम स्प्रे विकायला सुरुवात केलीय. विचारत होत्या, "दादा, कुरिअरवाला जादा पैसे मागतोय. फसवतोय का?"

नाही ताई, फसवत नाही. हा धडा मी पैसे घालवून शिकलोय.

बिद्रीत आमचं पूजा साहित्याचं दुकान आहे. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारी गाडी रस्त्यात थांबतेच, त्यामुळे कापूर चांगला खपतो. म्हटलं, ऑनलाइन पण विकूया. बेंगळुरूच्या एका गिऱ्हाईकानं वास्तुशांतीसाठी सहा पाकिटं मागवली. मी बिलावर 'पूजा साहित्य' एवढंच लिहिलं आणि विमानानं पाठवलं. तपासणीत पार्सल अडकलं, परत आलं. जाण्या-येण्याचं भाडं माझ्या डोक्यावर, गिऱ्हाईकाची वास्तुशांत होऊन गेलेली, आणि वर एक स्टारचा रिव्ह्यू! वाईट याचं वाटलं की चूक माझीच होती.

कापूर पेट घेतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण पार्सल करताना ते डोक्यात येत नाही. वाहतुकीत धोकादायक मालाचे नऊ वर्ग असतात आणि प्रत्येक मालाला यूएन नंबर असतो. कृत्रिम कापूर २७१७, वर्ग ४.१, म्हणजे पेट घेणारा घन पदार्थ. अत्तर-परफ्युम १२६६, वर्ग ३. सुटी पॉवर बँक ३४८०, वर्ग ९. स्प्रेचा डबा वर्ग २ मध्ये, कारण आत दाबाखालचा गॅस.

वर्ग १ स्फोटकांचा. अमेरिकेत बंदुकीची काडतुसं घरी पुन्हा भरायचा छंद असलेले लोक आहेत. ते दारू आणि प्रायमर ऑनलाइन मागवतात, तेव्हा दुकानदार मालाच्या किमतीवर वेगळी 'हॅजमॅट फी' लावतो. एक डबा घ्या नाहीतर चार, एका खोक्याला बहुतेक तेवढीच फी. म्हणून चार मित्र मिळून एकच ऑर्डर टाकतात. (आपल्याकडे हा धंदा डोक्यात आणू नका. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १८८४ चा स्फोटक कायदा आहे, लायसन्सशिवाय हातही लावता येत नाही.)

पण त्यांची युक्ती आपल्या कामाची आहे. हा चार्ज वजनावर कमी आणि कामावर जास्त असतो. कागदपत्रं, सेफ्टी डेटा शीट, ठरावीक पॅकिंग, वर्गाचं लेबल, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाची तपासणी. एका पाकिटाला हे सगळं लागतं, वीस पाकिटांच्या खोक्यालाही तेवढंच लागतं.

समजा एका पार्सलला ४०० रुपये जादा पडले. कापराच्या पाकिटावर तुम्हाला ४५ रुपये सुटतात. एकच पाकीट पाठवलं तर ३५५ रुपये खिशातून गेले. वीस पाकिटं एका खोक्यात गेली तर पाकिटामागं २० रुपये, हातात २५ उरले. माल तोच, धंदा वेगळा. आणि 'फ्री डिलिव्हरी' लिहून बसला असाल तर संपलंच!

काही जण सांगतील, "गिफ्ट आर्टिकल लिही, कोण बघतंय?" असं करू नका. रेल्वेनं धोकादायक माल न सांगता पाठवला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे सोडा, त्या डब्यात दुसऱ्यांची पोरंबाळं बसलेली असतात.

माझी आताची पद्धत सांगतो. कापूर आणि अत्तर मी एकेका गिऱ्हाईकाला विमानानं पाठवतच नाही. बाहेरगावच्या दुकानदारांना खोक्यानं देतो, रस्त्यानं, बिलावर मालाचं खरं नाव लिहून. कुरिअरवाल्याला आधीच विचारतो की हा माल घेतोस का, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेतो. किरकोळ ऑनलाइनला फक्त समया, वाती, आसनं.

गारगोटीच्या ताईंनी स्प्रे बंद केलाय. अत्तराचा पहिला खोका, २४ बाटल्यांचा, पुढच्या आठवड्यात सांगलीच्या एका दुकानात ट्रान्सपोर्टनं जाणार आहे. चार्ज त्यांनी आधीच भावात धरलाय.