अनोळखी तळ्यावर गळ टाकण्यापूर्वी

सांगलीकडचा माणूस कृष्णाकाठी वाढलेला. डोह कुठे, उतार कुठे, त्याला ठाऊक असते. पण बायकापोरांना घेऊन डोंगरातल्या तळ्यावर गळ टाकायला निघाला, तर ही माहिती पुरत नाही.

साताऱ्याकडचे धोम, कण्हेर किंवा कोयनेचा शिवसागर ही मुळात तळी नव्हेत. नदी अडवून भरलेल्या दऱ्या आहेत त्या. दोन पावले गुडघाभर पाणी, तिसऱ्या पावलाला माणूस बुडेल! तळाशी झाडांचे बुंधे, जुन्या घरांची जोती असतात. गळ अडकला तर दोरी तोडावी, सोडवायला पाण्यात उतरू नये. गळ काय, बाजारात पुन्हा मिळतो.

थंड देशांत तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात. पण आधी बर्फाची जाडी मोजतात. ४ इंचांहून कमी भरली तर पाऊल टाकत नाहीत. आपण लांब काठीने खोली पाहावी. उन्हाळ्यात पाणी हटते, तेव्हा काठचा गाळही चाचपावा. वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो.

परवानगीचे आधी विचारावे. पुष्कळ धरणांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो. कोयना-चांदोलीचे रान २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ काढूच नये.

आमचे आणखी एक सांगणे. घरातल्या एका मोठ्या माणसाने गळ हाती धरायचाच नाही. त्याने पोरांवर नजर ठेवायची. हे काम कोणाचे, ते घरूनच ठरवून निघावे.