सवाईचा हिशेब आणि वित्तव्यवस्थापनाचा पेपर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘वित्तीय व्यवस्थापन’ हा विषय प्रथम भेटतो तेव्हा त्याचे पहिले सूत्र बहुधा ठरलेले असते. भागधारकांची संपत्ती जास्तीत जास्त वाढविणे हे कंपनीच्या वित्तव्यवस्थापनाचे उद्दिष्ट होय, आणि त्या संपत्तीचे माप म्हणजे शेअरबाजारातील भागाची किंमत. त्यामागून पैशाचे कालमूल्य, भांडवलाचा खर्च, भांडवलरचना, खेळते भांडवल, लाभांशधोरण ही प्रकरणे ओळीने येतात. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या गावातून महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी हे सारे पाठ करतो, उत्तीर्ण होतो आणि वर्षभरात विसरतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही आणि विषयाचाही नाही. ज्या व्यवहारांच्या सान्निध्यात तो वाढला, त्यांचा त्या पुस्तकांत मागमूस नसतो, इतकेच.

वस्तुतः पैशाचे कालमूल्य हा धडा वऱ्हाडाला नवा नाही. पेरणीच्या वेळी नेलेल्या एका पोत्याचे सुगीला सव्वा पोते परत करावयाचे, ही सवाई. दीड पोते द्यावयाचे, ती दिढी. सहा महिन्यांस पंचवीस टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला पन्नास टक्के झाले. पण फेड चुकली आणि सव्वावर पुन्हा सवाई चढली, की एका पोत्याचे वर्षाअखेर १.५६ पोते होते. नाममात्र दर आणि प्रत्यक्ष दर यांतील फरक शिकविण्यास याहून बोलके उदाहरण कोणते असेल? इथेच थांबले तर मात्र अर्धेच सत्य हाती लागते. पेरणीच्या दिवसांत धान्य महाग असते, सुगीला स्वस्त. भाव एक पंचमांशाने उतरला असेल, तर सुगीच्या सव्वा पोत्याची किंमत पेरणीच्या वेळच्या एका पोत्याइतकीच भरते. रुपयांत मोजले तर व्याज शून्य! मग सावकार श्रीमंत का झाला? कारण ते सव्वा पोते त्याने पुढच्या पेरणीपर्यंत पेवात राखले. खरी मिळकत केवळ व्याजाची नव्हती, थांबण्याच्या ताकदीची होती. ही ताकद ज्याच्यापाशी नाही, त्याला काळाचे मूल्य दरसाल दुसऱ्यास द्यावे लागते.

भांडवलरचनेच्या प्रकरणात मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांचा १९५८ चा प्रसिद्ध सिद्धान्त येतो. (दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्यास १९८५ मध्ये, दुसऱ्यास १९९० मध्ये.) आदर्श बाजारपेठेत कंपनीने कर्ज किती आणि भागभांडवल किती घेतले यावर तिचे मूल्य अवलंबून नसते, असे तो सांगतो. त्यामागे एक गृहीत आहे : कंपनीला ज्या दराने कर्ज मिळते, त्याच दराने सामान्य व्यक्तीलाही मिळते. देऊळघाटच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास हे गृहीत वाचून हसू आले, तर ते हसू अज्ञानाचे समजू नये. सिद्धान्ताचा खरा उपयोगही तोच आहे. कोणते गृहीत मोडले म्हणजे काय बिघडते, हे तो दाखवितो. परंतु परीक्षेत विचारतात ती गृहीतांची यादी; ती मोडतात कुठे, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न केवळ अध्यापनाचा राहिलेला नाही. कंपनी कायद्यात २००२ साली ‘उत्पादक कंपनी’ हा प्रकार आला. २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची केंद्रीय योजना जाहीर झाली. अशा प्रत्येक संघटनेस व्यवस्थापन खर्चापोटी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते; नंतर तिने आपल्या पायांवर उभे राहावे अशी अपेक्षा असते. यांतील बहुतेक संघटना कंपनी म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांचे हिशेब लिहिणारी, बँकेपुढे प्रस्ताव मांडणारी माणसे याच महाविद्यालयांतून येणार. पण या कंपनीचे भाग शेअरबाजारात विकले जात नाहीत, आणि वैयक्तिक सभासदाला भाग कितीही असले तरी मत एकच असते. मग भागाची किंमत वाढविणे हे पहिले सूत्र येथे लावावयाचे तरी कसे?

आकडे मांडून पाहावेत. समजा, कंपनीपाशी स्वतःचे दहा लाख रुपये आहेत आणि ऑक्टोबरात सोयाबीन चार हजार रुपये क्विंटल आहे. दहा लाखांचा माल घेऊन गोदामात ठेवला आणि पावतीवर सत्तर टक्के कर्ज उचलले, की सात लाखांचा माल आणखी घेता येतो. त्याच्या पावतीवर ४ लाख ९० हजार. असे फिरवीत गेल्यास दहा लाखांवर जवळजवळ ३३ लाखांचा माल पेलता येतो. बुलढाणा जिल्ह्यात हे काही परग्रहावरचे शास्त्र नाही. १९८६ साली स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन पतसंस्थेने गोदामातील शेतमालावरच्या कर्जाचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर केला आहे. आता वार्षिक बारा टक्क्यांनी मार्चपर्यंत पाच महिन्यांचे व्याज क्विंटलमागे दोनशे रुपये, गोदामभाडे, विमा आणि तूट मिळून समजा शंभर. मार्चात भाव ४,२५० झाला, तर गावात ‘भाव वाढला’ असे म्हणतील, पण कंपनी तोट्यात असेल. आणि भाव तीस टक्क्यांनी कोसळला, तर व्याज न धरताही स्वतःचे दहाच्या दहा लाख संपले. ही भीती काल्पनिक नव्हे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत दहा हजारांच्या घरात गेलेले सोयाबीन नवा माल येताच पाच-सहा हजारांवर आले होते.

कायद्याने यावर एक तोड ठेवली आहे. उत्पादक कंपनीला मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवता येतो आणि तो नंतर देता येतो. म्हणजे सभासदच कंपनीला खेळते भांडवल पुरवितो, तेही बँकेच्या दारात न जाता. तथापि ऑक्टोबरात रब्बीचे बियाणे, उधारी आणि दिवाळी एकदम उभी असलेला सभासद आपली वीस टक्के रक्कम मार्चपर्यंत सोडेल काय? विक्रेता म्हणून त्याला आजच पूर्ण भाव हवा असतो. मालक म्हणून कंपनीत गंगाजळी हवी असते. नफा वाटावा की राखावा, हा लाभांशधोरणाचाच प्रश्न आहे. फक्त येथे तो एकाच माणसाच्या दोन खिशांत उभा राहतो. त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यास सभासद आपला माल थेट व्यापाऱ्याला घालतो, आणि कंपनी फलकापुरती उरते.

यावर ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी सोपा, वेगळा अभ्यासक्रम काढण्याची सूचना कोणी करील. तिला ठाम विरोध व्हावयास हवा. तो दुय्यम वर्गाचा डबा होईल. गणित तेच हवे आणि तितकेच कठोर हवे. उदाहरणे तेवढी बदलावीत. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये नागपूरपासून वेगळे झाले, ते पश्चिम विदर्भाच्या गरजांचा विचार जवळून व्हावा या अपेक्षेनेच. अंतर्गत गुणांसाठी विद्यार्थी जे प्रकल्प लिहितात, त्यांत मुंबईच्या नामवंत कंपन्यांची गुणोत्तरे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात. शेजारच्या गावातील उत्पादक कंपनीचा ताळेबंदही निबंधकाकडे दाखल असतो, आणि शंभर रुपये शुल्क भरले की तो कोणासही पाहता येतो.