पाव मैलाची शर्यत आणि विकत घेतलेला वेळ

मोटारशर्यतींचे प्रकार अनेक आहेत. पण 'ड्रॅग रेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीइतका अल्पजीवी प्रकार दुसरा नसेल. दोन मोटारी, सरळ रस्ता, पाव मैलाचे म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचे अंतर, आणि दहापंधरा सेकंदांत निकाल. येथे वळण नाही, चढउतार नाही, मागून येऊन हळूहळू पुढे सरकण्यास अवसर नाही. निघताना जो चुकला तो बहुधा हरला. ही शर्यत मोबाइल फोनच्या पडद्यावर इतकी चपखल बसली, की ती मुळात त्यासाठीच निर्माण झाली असावी असे एखाद्यास वाटावे. २०१२ साली इंग्लंडमधील ब्रायटनच्या बॉस एलियन या मंडळींनी घडविलेला 'सीएसआर रेसिंग' हा खेळ जगभर गाजला. पाठोपाठ २०१३ साली ऑक्सफर्डच्या नॅचरलमोशन कंपनीने 'सीएसआर क्लासिक्स' हा त्याचा धाकटा भाऊ बाजारात आणला. त्यात धावत होत्या त्या नव्या नव्हेत, तर मागील पिढ्यांच्या नामांकित मोटारी. या धाकट्या भावाविषयी, आणि त्याच्या घराण्याच्या रीतीविषयी, येथे थोडे सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटते. खेळ जुना झाला तरी ती रीत जुनी झालेली नाही. आज मुलांच्या हाती असलेले कित्येक खेळ तिच्यावरच चालतात.

खेळ समजण्यास सोपा. सुकाणूचक्र नाही. आरंभी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्यात धरून ठेवायचा, खूण होताच सुटायचे, आणि पुढे प्रत्येक गिअर नेमक्या क्षणी बदलायचा. बोटाने पडदा टेकण्यापलीकडे कष्ट नाहीत. तथापि या टेकण्यात खरे यंत्रशास्त्र काही प्रमाणात दडलेले आहे. इंजिनाची शक्ती सर्व गतींना सारखी नसते. ती एका टप्प्यावर शिखर गाठते व मग उतरते. गिअर फार लवकर बदलला तर इंजिन दमते, फार उशिरा बदलला तर ते नुसते ओरडत राहते. शाळेच्या पुस्तकात हे वाचून ज्याच्या डोक्यात शिरले नसते, त्या मुलास ते शंभर शर्यतींनंतर बोटांनी समजते. हे श्रेय खेळाला दिलेच पाहिजे.

मोटारींची निवडही रसिकतेने केलेली होती. शेल्बी मस्टँग, प्लिमथ सुपरबर्ड, फोर्ड जीटी४० ही नावे ज्यांनी ऐकली आहेत त्यांच्या मनात आजही काही हलते. यात एक गंमत मात्र आहे. फोर्डची जीटी४० ही ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बांधलेली. १९६६ ते १९६९ अशी लागोपाठ चार वर्षे ती तेथे अजिंक्य राहिली. १९७० ची सुपरबर्ड तर लंबवर्तुळाकार मार्गावरील दीर्घ शर्यतींसाठी जन्मली, आणि तिचा तो पुरुषभर उंचीचा वाटावा असा मागचा पंख प्रचंड वेगातच उपयोगी पडावा अशी योजना होती. दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या माणसास शंभर मीटरच्या धावपट्टीवर उभे करावे तसा हा प्रकार. खेळाच्या कर्त्यांना याची फिकीर नव्हती आणि खेळणाऱ्यांनाही नव्हती. सौंदर्य पाहून दोघेही तृप्त होते.

वास्तविक या शर्यतीचा जन्म सौंदर्यातून नव्हे, तर रस्त्यावरच्या बेबंदपणातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे पत्रे उतरवून, इंजिने फुगवून भर वस्तीच्या रस्त्यांवर झुंजत. पोलिस मागे, अपघात पुढे, आणि वर्तमानपत्रांतून टीकेची झोड. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या एका धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. पार्क्स हे एका मोटारविषयक मासिकाचे संपादक होते. तरुणांचा हा नाद मोडता येणार नाही, पण तो रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी नेता येईल, हा त्यांचा विचार. संपादकाच्या लेखणीतून प्रत्यक्ष संस्था उभी राहिल्याचे हे उदाहरण आमच्या व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५५ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सासमधील ग्रेट बेंडच्या धावपट्टीवर झाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरविल्या गेल्या आहेत. विमानांची वाट मोटारींना देण्याची ती जुनी युक्ती येथवर पोहोचली.

धावपट्टीही निर्धोक नव्हेच. २००८ साली न्यू जर्सीतील एका स्पर्धेत स्कॉट कॅलिटा हा नाणावलेला चालक मृत्युमुखी पडला. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांच्या शर्यतींचे अंतर पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणण्यात आले. फोनच्या पडद्यावर कोणी मरत नाही. गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर रात्री-अपरात्री दुचाक्या पळविणाऱ्या पोरांच्या बातम्या ज्यांना छापाव्या लागतात, त्यांनी तरी या गोष्टीस क्षुल्लक मानू नये. वेगाची हौस पडद्यावर भागत असेल तर ती तेथेच भागावी, या मताचे आम्ही आहोत. ती खरोखरच तेथे भागते की उलट चेतविली जाते, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर घरोघरचे आईबाप आमच्यापेक्षा अधिक चांगले देऊ शकतील.

आमची तक्रार वेगाविषयी नाही. ती वेळेविषयी आहे.

'सीएसआर क्लासिक्स'मध्ये मोटार मिळे ती गंजलेली, पत्रा फाटलेली, रंग उडालेली. ती भागाभागाने दुरुस्त करून मूळच्या तेजाला आणायची, ही या खेळातील खरी मोहिनी. या मोहिनीचा अर्थ गोमंतकीय वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९६१ पूर्वीच्या गोव्यात, खाणींच्या भरभराटीच्या दिवसांत, परदेशी मोटारी भारतापेक्षा कितीतरी सुलभतेने येत. मर्सिडीझची टॅक्सी हे येथील रस्त्यांवरचे नित्याचे दृश्य होते, आणि मुक्तीनंतरही कित्येक वर्षे त्या टॅक्सी धावत राहिल्या. आयातीवर निर्बंध, सुटे भाग दुर्मीळ, वर समुद्रावरची खारी हवा पत्रा खाणारी. अशा स्थितीत गाडी चालू ठेवणे म्हणजे मेस्त्रीच्या हातात तिचे प्राण सोपविणे. जो भाग मिळत नाही तो लेथवर कातून काढायचा, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, लांबी भरून घासायचे, आणि रंग वाळेपर्यंत मुकाट्याने थांबायचे. हे थांबणे त्या कामाचाच भाग होते. त्यास दर नव्हता, कारण पैसे देऊनही रंग लवकर वाळत नसे.

खेळाने नेमके हेच उलटे केले. या घराण्याच्या खेळांत शर्यतीगणिक इंधन खर्ची पडते. टाकी रिकामी झाली की ती आपोआप भरेपर्यंत वाट पाहायची, किंवा सोन्याची नाणी देऊन तत्काळ भरून घ्यायची. नवा भाग मागविला तर तो येण्यास वेळ लागतो. तोही नाण्यांनी टाळता येतो. आणि नाणी संपली की ती खऱ्या पैशांनी विकत मिळतात. खेळ फुकट, प्रतीक्षा मात्र विकाऊ. येथील प्रतीक्षा कोणत्याही रंगाच्या वाळण्यामुळे उद्भवलेली नाही. कोणी तरी आकडेमोड करून, मुलाची उत्कंठा अगदी शिगेला पोहोचलेली असताना, मुद्दाम मध्ये उभी केलेली आहे. व्यापार म्हणून ही योजना यशस्वी ठरली यात संशय नाही. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या झिंगा कंपनीने नॅचरलमोशन विकत घेतली, ती सुमारे ५२ कोटी ७० लाख डॉलरांना. पुढे २०२२ साली झिंगाही टेक-टू या मोठ्या कंपनीच्या पोटात गेली.

खऱ्या धावपट्टीवरच्या हौशी लोकांनी पैशाच्या या जोरावर कधीच एक तोड काढून ठेवली आहे, आणि ती खेळाच्या कर्त्यांनी उचलली असती तर आम्ही त्यांचे अभिनंदन केले असते. तिला 'ब्रॅकेट रेसिंग' म्हणतात. आपली मोटार हे अंतर किती सेकंदांत कापील ते चालक आधीच जाहीर करतो, आणि तो आकडा काचेवर रंगवितो. एकाची मोटार पंधरा सेकंदांची, दुसऱ्याची अकरा सेकंदांची असेल, तर पहिल्यास चार सेकंद आधी सोडले जाते. कोणी लबाडीने आपला आकडा फुगवून सांगितला आणि प्रत्यक्षात त्याहून लवकर पोहोचला, तर तो सामान्यतः बाद होतो. परिणाम असा, की बापाची जुनी खटारा घेऊन आलेला मुलगा लक्षाधीशाच्या गाडीस हरवू शकतो. त्याला स्वतःची मोटार नीट ओळखता आली पाहिजे आणि दिवा हिरवा होताच पाय हलला पाहिजे, इतकेच. मोबाइलच्या खेळात याच्या विरुद्ध चालते. पायरी चढली की जुनी मोटार निरुपयोगी, नवी घ्या. ज्या गाडीचा गंज आपण खरवडला, तिला पडद्यावरच्या गॅरेजमध्ये धूळ खात ठेवून पुढे जायचे. जुन्या मोटारींच्या प्रेमावर उभारलेल्या खेळात जुन्या मोटारीशी निष्ठा ठेवणाऱ्यास शिक्षा व्हावी, हे आम्हांस विपरीत वाटते.

मुलांनी नकळत केलेल्या अशा खर्चाबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ साली ॲपल कंपनीस किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करावयास लावले. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मोटारशर्यतीच्या या खेळात खेळाडूने जिंकावे असे पैसे नसतातच, तो केवळ खर्च करतो. तेव्हा पालकांनी त्या कायद्यावर विसंबून राहू नये. फोनमधील खरेदीवर सांकेतिक शब्दाचे कुलूप घालण्याची सोय आहे, ती आजच वापरावी.

आणखी एका गोष्टीकडे शासनाचे लक्ष वेधणे अवश्य आहे. मेस्त्रीने उभी केलेली मर्सिडीझ बापाकडून मुलाकडे जाते. पडद्यावरची मोटार कंपनीच्या यंत्रांवर वसते. ती यंत्रे बंद झाली की गाडीही नाही आणि तिच्यावर खर्चिलेले पैसेही नाहीत. 'द क्रू' हा मोटारींचाच एक गाजलेला खेळ युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी असा कायमचा बंद केला, आणि ज्यांनी तो रोख पैसे देऊन घेतला होता तेही हात चोळीत बसले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून विक्रेत्यांना सांगितले, की तुम्ही वस्तू विकत नसून केवळ वापराचा परवाना देत असाल, तर तसे ग्राहकास स्पष्ट शब्दांत सांगा. आपल्या ग्राहक मंत्रालयाने तेवढा तरी नियम करावा. खरेदीच्या बटणाशेजारी ती एक ओळ मराठीत, कोकणीत आणि हिंदीत छापण्यास कोणत्याही कंपनीस फारसा खर्च येणार नाही.