ओढ्याची प्रकृती कशी तपासाल?

पावसाळा सरला की ओढ्याचे पाणी निवळते. तळाचे गोटे स्पष्ट दिसू लागतात. ‘काय स्वच्छ पाणी आहे!’ असे आपण सहज म्हणून जातो. पण विद्यार्थी मित्रांनो, पाणी नितळ दिसले म्हणजे ओढा निरोगी आहे, असे म्हणता येईल का?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? बाटलीभर पाणी घ्यावे आणि प्रयोगशाळेत तपासावे. ही तपासणी हवीच. पण ती केवळ त्या घटकेपुरती असते. हे नीट समजण्यासाठी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा विचार करू.

२५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. एक लिटर हवेत याच्या तीसपटीहून अधिक प्राणवायू असतो! म्हणजे पाण्यातल्या जिवांची शिदोरी मुळातच तुटपुंजी. त्यात सांडपाणी मिसळले, की त्यातील घाण कुजवणारे जीवाणू प्रचंड वाढतात आणि हीच शिदोरी संपवू लागतात. सांडपाण्यातील खतावर शेवाळही माजते. दिवसा सूर्यप्रकाशात ते प्राणवायू तयार करते. रात्री मात्र स्वतःच तो वापरते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी होतो. तुम्ही दुपारी बारा वाजता बाटली भरलीत, तर आकडा उत्तम येईल. पहाटे पाण्यातले जीव गुदमरत होते, हे त्या बाटलीला कसे कळणार?

हे सांगणारे साक्षीदार ओढ्यातच राहतात. एक गोटा अलगद उचला आणि उलटा करून पाहा. त्याला चिकटून एखादा चपटा, शेपटीसारखे तीन दोरे असलेला लहानसा जीव पळताना दिसेल. हे मेफ्लाय नावाच्या कीटकाचे पिल्लू. पंख फुटलेला मेफ्लाय काही तास, फार तर थोडे दिवस जगतो. पण त्याचे पिल्लू कित्येक आठवडे पाण्यात काढते. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या नाजूक कल्ल्यांनी ते पाण्यातला प्राणवायू घेते. ते जिवंत आहे, याचा अर्थ गेल्या अनेक रात्री त्याला प्राणवायू पुरला आहे.

याउलट, गाळात राहणाऱ्या काही लाल अळ्या पाहा. आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन त्यांच्याही शरीरात असते. म्हणून अगदी कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. डासाची अळी तर पृष्ठभागावर येऊन नळीने हवाच घेते. तिला पाण्यातल्या प्राणवायूची फारशी पर्वा नाही. असे सोशिक जीव चांगल्या ओढ्यातही थोडेफार असतातच. मात्र फक्त तेच उरले असतील, तर ओढा आजारी आहे असे समजावे.

जर्मनीतील कोल्कविट्झ आणि मार्सोन या शास्त्रज्ञांनी १९०८ व १९०९ साली अशा सूचक जिवांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. पुढे ब्रिटनमध्ये जिवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत तयार झाली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जिवांवरून पाण्याचे पाच वर्ग पाडण्याची पद्धत आखली आहे.

आता तुम्ही करा

हिवाळ्यात, शिक्षकांबरोबर, गुडघ्याच्या खाली पाणी असेल अशी जागा निवडा. एकाने बारीक जाळी प्रवाहात धरावी. दुसऱ्याने तिच्या वरच्या अंगाला उभे राहून तीन मिनिटे पायाने तळ ढवळावा. सुटलेले जीव वाहत जाळीत येतील. पांढऱ्या ताटात थोडे पाणी घेऊन त्यात ते सोडा आणि भिंगाने पाहा.

ब्रिटिश पद्धतीत चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, चतुराच्या बहुतेक कुळांना ८, जाळे विणून राहणाऱ्या कॅडिस माशीच्या अळीला ५, जळवांच्या बहुतेक कुळांना आणि अनेक गोगलगायींना ३, लाल अळ्यांच्या कुळाला २ आणि गाळातील कृमींना १ गुण आहे. एक जीव सापडो वा शंभर, त्या कुळाचे गुण एकदाच धरायचे. समजा, वरच्या अंगाला चपटा मेफ्लाय, चतुर, कॅडिस, गोगलगाय आणि लाल अळी सापडली. बेरीज २८, कुळे ५, सरासरी ५.६. खाली फक्त जळू, गोगलगाय, लाल अळी आणि कृमी मिळाले. बेरीज ९, कुळे ४, सरासरी २.२५. म्हणजे मधल्या टप्प्यात काहीतरी घडले आहे. ते काय, हे आता काठाने चालत जाऊन शोधायचे! हे गुण ब्रिटनमधील जिवांसाठी ठरवलेले आहेत. म्हणून आपल्या ओढ्याच्या दोन जागांची किंवा दोन वर्षांची तुलना करण्यासाठीच ते वापरावेत.

पुण्याची राम नदी अशा अभ्यासाला योग्य उदाहरण आहे. भुकूमजवळ खाटपेवाडीच्या डोंगरात ती उगम पावते आणि बावधन, पाषाणमार्गे औंधला मुळा नदीस मिळते. वीस किलोमीटरही नसलेल्या या वाटेत डोंगर, शेते आणि शहर, तिन्ही येतात आणि शहराचे सांडपाणीही तिच्यात मिसळते.

काही पथ्ये मात्र पाळा. पुराच्या पाण्यात किंवा उघड्या सांडपाण्यात उतरू नका. पायाला जखम असेल तर काठावरच थांबून नोंदी घ्या. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवा. सर्व जीव परत सोडा आणि उचललेला प्रत्येक गोटा होता तसाच ठेवा. ते कुणाचे तरी घर आहे.

आणि वही जपून ठेवा. ओढा एका दिवसात मरत नाही. एकेक कूळ नाहीसे होत जाते, कुणाच्या ध्यानात येत नाही आणि पुढे लोक त्याला नाला म्हणू लागतात. तिथे पूर्वी कोण राहत होते, हे मग सांगणार कोण? दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात नोंद करणारी एक शाळा असेल, तर पहिले कूळ हरवेल तेव्हाच ते समजेल. त्या वेळी उपाय करणे पुष्कळ सोपे असते.